चार वॅट जास्त

आमच्या वीज कंपनीच्या ऑफिसात त्यांना सगळे युनिटराव म्हणत. दारोदार फिरून मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. ते आकडे आणायचे आणि मी हिशोब विभागात बसून त्या आकड्यांची बिलं करायचो. ते माझ्या आधी निवृत्त झाले. माझी खुर्ची अजून थोडी शिल्लक आहे. घरं एकाच गल्लीत असल्यामुळे नोकरी सुटली तरी आमचं येणंजाणं सुटलं नाही.

रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. घर स्वतःचं की परक्याचं, हा प्रश्न त्या हाताला पडत नसे. एकदा त्यांनी साहेबांच्या केबिनमधला पंखा बंद केला. साहेब आतच होते.

"अहो, मी बसलोय इथे!" साहेब म्हणाले.

"माफ करा साहेब, काही हालचाल दिसली नाही," युनिटराव म्हणाले. ऑफिसला हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

अशा माणसाच्या घरात एक कॉम्प्युटर तीन वर्षं अखंड चालू होता, हे मी सांगितलं तर ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नसता.

तो कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. एकुलता एक. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून घरात त्याला खारू म्हणत, आणि मोठा झाल्यावरही तेच चिकटलं. खारू लोकांचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम करी. मागच्या खोलीत टेबलाखाली त्याचं ते भलंमोठं खोकं घरघरत असे. एके दिवशी संध्याकाळी एक मोठा व्हिडिओ तयार व्हायला लावून तो बाहेर निघाला. दारातून आईला म्हणाला, "आई, बंद करू नको हं, काम चालू आहे. आलोच." कोपऱ्यावरच्या वळणावर एका ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली. तो आला नाही.

वहिनींनी कॉम्प्युटर बंद केला नाही.

युनिटरावांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट वीज गेल्यावर तो बंद पडू नये म्हणून त्यांनी इन्व्हर्टर आणून बसवला, मोठ्या बॅटरीसकट. दिवसभर घरात ती घरघर चालायची. वहिनी स्वयंपाक करताना मध्येच थांबून कान द्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. आत कुणीतरी बसलंय, एवढं त्यांना पुरत असावं.

मग युनिटरावांची फुफ्फुसं आखडत चालली. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे मागे फिरणारं दुखणं नव्हे. हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं एक मशीन भाड्याने घरी आलं आणि त्याची नळी त्यांच्या नाकाशी आली. आल्याआल्या त्यांनी काय केलं असेल, तर त्या मशीनला आपला छोटा वॅटमीटर जोडला. सव्वातीनशे वॅट. मग कॉम्प्युटरचा प्लग न काढता त्याचा आकडा इन्व्हर्टरवरून काढला. सव्वाशे.

"म्हणजे वीज गेली की बॅटरीतला चौथा हिस्सा आमचे चिरंजीव खाणार," ते मला हसत म्हणाले. "लहानपणी दूध टाकून द्यायचा. आता बघा खुराक."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. दोन तास झाले, वीज येईना. इन्व्हर्टरची शिट्टी सुरू झाली, तसा वहिनींचा मला फोन आला, "भाऊजी, लवकर या." मी पोचलो तेव्हा युनिटराव पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसले होते. बॅटरी उतरत आल्याने मशीन नीट चालत नव्हतं आणि ओठ काळसर पडले होते. वहिनी मागच्या खोलीच्या दारात होत्या, दाराशेजारी भिंतीत लावलेला कॉम्प्युटरचा प्लग घट्ट धरून, आणि नवऱ्याकडे बघत होत्या. ते मान हलवून नको म्हणत होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण मान हलत होती.

कपाटामागे ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो मी उघडून दिला आणि मशीन बंद केलं. थोड्या वेळाने त्यांचा रंग परतला, पाठोपाठ वीजही आली. वहिनींनी प्लग काढला नव्हता. त्या तिथेच जमिनीवर बसून रडत होत्या.

"मी काढणार होते हो," त्या मला म्हणाल्या. "हात उचलेना. सांगा, मी कसली बाई?"

"अगं, मीच नको म्हटलं ना," युनिटराव म्हणाले. "तुझा काय दोष?" मग जरा श्वास गोळा करून माझ्याकडे वळले. "हिशोबनीस, यातून मार्ग काढायचा. त्याचं ते बंद करायचं नाही. आणि मलाही इतक्यात बंद पडायचं नाही."

मार्ग त्यांनीच शोधला. कॉम्प्युटरात राखण्यासारखं काय होतं, तर खारूने जमवलेले फोटो, त्याने काढलेले व्हिडिओ, त्याचा आवाज. तेवढं सांभाळायला एवढं धूड कशाला? घरातल्या घरात फायली ठेवणारी लहानशी यंत्रं करता येतात, सर्व्हर म्हणतात त्यांना. पडदा नको, कीबोर्ड नको. कोपऱ्यात पडून राहतं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर आतलं सगळं दिसतं. ते दिवसरात्र चालायचं असल्यामुळे एकेक भाग निवडून घ्यावा लागतो. त्यांनी पलंगावर बसून, नाकात नळी घालून, त्या विषयाचा फडशा पाडला.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही रिक्षाने गेलो. सिलिंडर माझ्या मांडीवर. दुकानदाराचं बोलणं म्हणजे फटाक्याची माळ.

"काका, सातशे वॅटचा पॉवर सप्लाय देतो. रॉकेट उडेल रॉकेट!"

"मला नाइट लॅम्प पाहिजे. रॉकेट तुमच्याकडेच ठेवा."

"अहो, मोठा असलेला बरा. कमी काम पडेल त्याला."

"तिथेच चुकतं," युनिटराव श्वासाश्वासाला थांबत म्हणाले. "दहा वॅटच्या कामाला सातशेचा लावला, तर निम्मी वीज तोच खाईल. वरातीचा घोडा दळण आणायला नेण्यातली गत. लॅपटॉपला असतो तसला बाहेरचा छोटा अडॅप्टर द्या. आणि ज्याच्यावर प्रोसेसर आधीच बसवलेला असतो, पंखा नसतो, असा बोर्ड दाखवा. ग्राफिक्स कार्ड नको. मेमरीची एकच पट्टी."

दुकानदाराने एक खोकं पुढे केलं आणि वरचा आकडा दाखवला.

"हा झाला धावतानाचा आकडा," युनिटराव म्हणाले. "आमच्याकडे धावणारं कुणी नाही राहिलं. बसलेला असताना किती खातो ते सांगा."

ते दुकानदाराला सांगता येईना. येणार तरी कसं, कुणी विचारतच नाही. मग युनिटरावांनी खिशातला वॅटमीटर काढून दुकानाच्याच प्लगमध्ये लावला आणि तीन बोर्ड आळीपाळीने चालवून बघितले. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, पण त्यांच्या नाकातली नळी बघून कुणी घाई केली नाही. दुकानदाराने आतून खुर्ची आणली, स्वतः तारा जोडून दिल्या आणि शेवटी आकड्यावर वाकून त्यांच्याइतकाच रंगून गेला. "सात, काका! सातवर आला!" तो लहान पोरासारखा ओरडला. फायलींसाठी फिरती तबकडी नसलेल्या, मुकाट्याने काम करणाऱ्या दोन डिस्क घेतल्या. सगळं मिळून नऊ वॅट.

घरी त्यांनी ते यंत्र जोडलं आणि पलंगाजवळच्या फळीवर ठेवलं. पुस्तकाएवढं होतं. जुना कॉम्प्युटर चालू ठेवून त्याच्यातून यात तार ओढली आणि दोन दिवस फायली एकातून दुसऱ्यात वाहत राहिल्या. वहिनी येताजाता त्या तारेवरून पाय उचलून टाकायच्या, अगदी जपून, जणू खाली कुणी झोपलंय.

"हे बघ," काम झाल्यावर ते वहिनींना म्हणाले, "आम्ही एखाद्याचा मीटर बदलतो ना, तेव्हा जुना काढतो, नवा लावतो. पण ग्राहक क्रमांक तोच राहतो. माणूस तोच, घर तेच. इथेही तसंच झालंय. सगळं आधी नव्यात आलंय. मध्ये एक क्षणही तुटलेलं नाही."

वहिनींनी फोनवर बघितलं. खारू शाळेच्या कपड्यात होता, खारू आरशासमोर स्वतःचाच फोटो काढत होता, खारू कॅमेऱ्यामागून "आई, इकडे बघ ना, नाक नको पुसू" म्हणत होता. सगळं होतं. मग त्यांनी फळीजवळ जाऊन त्या यंत्राला कान लावला. बराच वेळ लावला.

"हे तर गप्पच आहे," त्या म्हणाल्या.

"चालू आहे गं. तो हिरवा दिवा बघ."

"दिव्याचं काय घेऊन बसलात? आत कुणी आहे असं वाटतच नाही." आणि त्या तिथून उठून गेल्या. जुना कॉम्प्युटर बंद करायचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

युनिटराव खूप वेळ पंख्याकडे बघत पडून होते. मग त्यांनी दुकानदाराला फोन लावला आणि बोलायला त्रास नको म्हणून स्पीकरवर टाकला.

"अहो, त्यातली एक डिस्क परत घ्या आणि जुन्या पद्धतीची द्या. तबकडी फिरते ती."

"काका, ती चार वॅट जास्त खाते! तुम्ही अर्ध्या अर्ध्या वॅटसाठी माझं दुकान पालथं घातलंत."

"माहीत आहे."

"शिवाय आवाज करते."

"तोच पाहिजे. फार नको. शेजारच्या खोलीत कुणी असलं की कसं कळतं, तेवढा."

पलीकडे माळ विझली. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "वापर नसला की ती आपोआप झोपते, काका. तशी लावून देऊ?"

"झोपवायची नाही," युनिटराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात भागाकार करत होतो, ते त्यांना कळलं. सवयच ती. "वीज गेली तर माझी तीन-एक मिनिटं जातील," ते म्हणाले. "जाऊ देत. उभ्या जन्मात पहिल्यांदाच उधळपट्टी करतोय."

डिस्क दुसऱ्या दिवशी आली. दुकानदार स्वतः घेऊन आला आणि बसवून, शेजारच्या डिस्कवरून फायली तिच्यात भरायला लावून, चहालाही न थांबता गेला. वहिनींनी पुन्हा कान लावला. आतून बारीक, सलग आवाज येत होता आणि मधूनच कुणी कागद चाळवावा तशी खरखर. त्यांनी कान काढला. पण त्यांचा हात यंत्रावर ठेवलेलाच राहिला.

"आता ते बंद कर," युनिटराव मागच्या खोलीकडे बघून म्हणाले. "त्याने सांगितलं तुला होतं, तेव्हा तूच कर. त्याचं काम त्याच संध्याकाळी पूर्ण झालंय. पडद्यावर तसं लिहिलंय."

"मला वाचता येतं हो," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षं वाचतेय."

त्या आत गेल्या. आम्ही दोघं बाहेरच थांबलो. त्या आत काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण काहीतरी बोलल्या. मग पंख्यांची घरघर उतरत गेली, उतरत गेली आणि थांबली. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. वहिनी बाहेर आल्या आणि फळीखाली बसल्या, आवाज ऐकू येईल अशा.

युनिटराव पावसाळा संपता संपता गेले. भर दुपारी गेले आणि तेव्हा वीज होती. एवढी काटकसर केलेली बॅटरी भरलेली होती आणि तिची गरज पडली नाही. मशीन चालू होतं, नळी नाकाशी होती, श्वास तेवढा थांबला. वहिनींनी मला बोलावलं, पण मशीनचं बटण मला बंद करू दिलं नाही. स्वतः केलं. म्हणाल्या, "यांना चालायचं नाही, उगाच चालू राहिलेलं."

भाड्याचं मशीन परत गेलं. काही दिवसांनी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा वीज गेली. इन्व्हर्टर टक करून चालू झाला. इतक्या दिवसांच्या सवयीने मी उठून त्याच्यावरचा आकडा बघायला गेलो. वहिनीही मागे येऊन उभ्या राहिल्या.

"किती वेळ पुरेल, भाऊजी?"

आता बॅटरीवर ते फळीवरचं यंत्र होतं आणि माझ्या डोक्यावरचा एक पंखा. "पंखा बंद ठेवला तर उद्या संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली.

"एवढा वेळ," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या वेळी मिनिटं मोजत होतो."

मग त्या परत आल्या आणि येताना माझ्या डोक्यावरचा पंखा त्यांनी बंद केला. मी बसलेला असूनही. त्यांच्या लक्षातही आलं नाही. पंख्याची पाती थांबली तशी फळीवरची खरखर स्पष्ट ऐकू येऊ लागली. वहिनी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या, आणि मीही घाम पुसत बसून राहिलो.