विहिरीची परीक्षा

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं आली. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे आणि वाटून उरलेल्या गठ्ठ्यातून माझ्या वह्यांना कव्हरं घालायचे. माझ्या पहिलीतल्या गणिताच्या वहीवर ठळक अक्षरांत ‘जाहीर निषेध’ असं छापलेलं होतं. बाईंना ते माझं गणिताबद्दलचं मत वाटलं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाती एखादं खरंखुरं संकट लागलं, तर ती आधी काय करील? मथळा शोधील. मीही तेच केलं.

संकट वरून आलं. आमची बौद्धवाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण. जांभा काढून झाला, मालक निघून गेला, चौकोनी खड्डा मागे राहिला. त्या खड्ड्यात कुणीतरी गोण्या आणून टाकायला लागलं. कुठल्या कारखान्याच्या ते कळायला मार्ग नव्हता, गोण्यांवरची अक्षरं खरवडून काढलेली. फाटक्या गोणीतून हिरवट करडा चिखल बाहेर आलेला, आणि खाणीत साचलेल्या पाण्यावर पिवळी झाक. जांभा दिसतो दगड, पण त्याला भोकंच भोकं. वर ओतलेलं खाली झिरपणार, आणि खाली आमची विहीर.

त्या विहिरीबद्दल आमच्याकडे वाईट बोलायची पद्धत नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या गावविहिरीवर आमच्या माणसांना कळशी बुडवू देत नव्हते, तेव्हा आजोबांनी आणि वाडीतल्या माणसांनी कातळ फोडून ही विहीर काढली. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, तेव्हा परकरात होती. खडीची घमेली तिनं डोक्यावरून वाहिली. पुढे गावविहिरीवर कुणी कुणाला अडवेनासं झालं, पण आत्यानं तिथलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. आमच्याकडे पाहुणा आला की गुळाचा खडा आणि आपल्याच विहिरीचं पाणी. मुंबईचे चाकरमानी परत जाताना कॅन भरून नेतात आणि तिथे ते औषधासारखं पुरवून पुरवून पितात.

माझा दादाही मुंबईलाच असतो. एकदा येताना त्यानं लांज्याच्या स्टँडवर पाण्याची सीलबंद बाटली घेतली आणि न उघडताच घरी आणली. आत्यानं ती जप्त केली. स्वयंपाकघराच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. आल्यागेल्याला दाखवायची, “बगा, पानी इकतात. उद्या वारा इकतील.”

आता खरी गोष्ट. वहिनीला सहावा महिना होता आणि ती आमच्याकडेच होती. आत्या तिला तांब्ये भरभरून पाणी पाजायची. “पी गो बाय. ह्या पान्यान पोर नितळ व्हईल.”

मी खाण पाहून आल्यावर जे हाती लागेल ते वाचून काढलं. शिसं, क्रोमियम. विहिरीत उतरले की त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून जंतू मरतात, धातू मरत नाहीत. पाणी आटलं की उलट ते दाट होतात. मोठ्या माणसांच्या हाडांत आणि मूत्रपिंडांत ते मुक्काम ठोकतात. आणि शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतं. हे वाचल्यापासून वहिनीचा प्रत्येक घोट मला ऐकू यायला लागला.

मी पत्रक काढलं. ‘विहिरीत विष!!!’ वाडीत घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी आत्यानं सुके बांगडे शेजारी पोचवायला माझ्याच हातात दिले. ते माझ्याच पत्रकात गुंडाळलेले होते, मथळा वर येईल अशा बेतानं.

“ह्याच पान्यावर तुजा बापूस वाढला,” ती म्हणाली. “त्याला काय झाला?”

“त्याला पत्रकं लिहायचा रोग झाला,” आई चुलीपासून म्हणाली.

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी आत्यानंच तोड काढली. “कागूद आन परीक्षेचा. कागदानं वाईट म्हटला, तर मी सोता दोर कापीन.”

मी रत्नागिरीला प्रयोगशाळेत जाऊन बाटली आणि ती कशी भरायची याच्या सूचना घेऊन आले. आता भरायची कुणी? मी भरली तर उद्या कुणीही म्हणणार, पत्रकवालीनं काहीतरी कालवलं. म्हणून तत्त्वाला जागून मी बाटली आत्याच्याच हातात दिली, आणि संशय नको म्हणून विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाही. बाबांना माझा अभिमान वाटला. आई म्हणाली, “चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.” आम्ही बापलेकींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

अहवाल आला. सगळं मर्यादेत. पाणी पिण्यास योग्य.

आत्यानं वाडीत साखर वाटली. कागद लॅमिनेट करून आणवला आणि पडवीत खिळ्याला टांगला. आमच्याकडे कुणी आलं की आधी गूळ, मग पाणी, मग कागद, आणि शेवटी मी. “ही बगा, विष शोदनारी.” वहिनीनं माझ्या देखत पूर्ण पेला संपवला आणि म्हणाली, “वन्सं, तुमचं मन दुखलं असेल, पण मला बरं वाटलं हो.” मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं, आणि का ते सांगता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी जेवायच्या वेळी वहिनीनं सोलकढीसाठी फळीवरून कोकमाचं आगळ काढलं. लाल आगळ ज्या बाटलीत होतं ती बाटली मी ओळखली. दादाची. आत्याचं प्रदर्शन.

“ह्यात आगळ कधी भरलं?”

“आत्यांनी भरलं मागे.”

“मग आतलं पाणी कुठे गेलं?”

आत्या विळीवर बांगडा कापत होती. मान वर न करता म्हणाली, “वतला.”

“ओतलं? तू पेजेचं पाणीसुद्धा ओतत नाहीस.”

“वतला म्हन्ते ना.”

“कुठे?”

विळी थांबली. “तुज्या त्या बाटलीत! मग काय करू? परीक्षेला तापलेला पोर कोन धाडतो?”

आईला आधी हसू आलं. आयुष्यभर विकतच्या पाण्याला नावं ठेवणाऱ्या बाईनं विहिरीची अब्रू राखायला विकतचंच पाणी परीक्षेला बसवलं होतं, आणि ते पहिल्या वर्गात पास झालं होतं. मलाही हसायचं होतं. पण वहिनी हसत नव्हती. तिच्या हातात भरलेला पेला होता.

“तापलेला?” ती म्हणाली. “म्हणजे विहीर आजारी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

आत्यानं विळी मिटली. मग म्हणाली, “बेडूक नाय गो. पावसात विहीर घुमायची त्यांच्या वरडण्यान. औंदा एक नाय.” आणि पुढे, “मना वाटला, व्हईल बरी.”

ती उठली. वहिनीच्या हातातला पेला काढून घेतला आणि अंगणात गेली. आमच्याकडे उरलेलं पाणी केळीला जातं. ती केळीपाशी थांबली, पेला कलता केला, परत सरळ केला. मग बाहेर जाऊन रस्त्यावर ओतून आली.

या वेळी दोन बाटल्या भरल्या. एक आमच्या विहिरीची, ती आत्यानं सगळ्या वाडीसमोर भरली. दुसरी गावविहिरीची, ती मी. आमच्या विहिरीत शिसं आणि क्रोमियम, दोन्ही मर्यादेच्या वर. गावविहीर पऱ्याच्या पलीकडे, दुसऱ्या उतारावर. तिचं पाणी स्वच्छ.

मी जिंकले होते आणि मला मथळा सुचत नव्हता. बाबांनी कचेरीत अर्ज दिला, गोण्यांबद्दलही आणि टँकरबद्दलही. टँकर प्रक्रियेत आहे असं उत्तर आलं. गोण्यांबद्दल तेवढंही आलं नाही. वहिनीचं बाळ मात्र कुणाच्या प्रक्रियेसाठी थांबणारं नव्हतं.

आत्यानं पडवीतला कागद काढला. रहाटाचा दोर कापला, बोलल्याप्रमाणे. मग कळशी घेतली, कापलेला दोर खांद्यावर टाकला आणि पऱ्याच्या दिशेनं चालायला लागली. मी दुसरी कळशी घेऊन मागून.  

गावविहिरीवर तिच्याच वयाची एक बाई कपडे पिळत होती. आत्याला बघून ती उभी राहिली. “या या. कधी नव्हे ती आलीस. ने की पानी. पानी काय, सगळ्यांचाच.”

आत्यानं दोर सोडला. “ह्या तुज्या आजाला सांगायला होवा व्हता. माजी मान वाचली असती.”

 ती बाई म्हणाली, “आजा कुनाचा ऐकायचा? आमचा पन कुठं ऐकला.” मग पुढे येऊन तिनं वर आलेल्या कळशीला हात दिला. आत्यानं तो घेतला, पण ‘बरं झालं’ वगैरे काही म्हणाली नाही.

घरी येऊन तिनं वहिनीला पेला भरून दिला, सोबत गुळाचा खडा. मग स्वतः एक घोट घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मचूळ,” ती म्हणाली. पण पेला संपवला.

मग पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली. “घे कागूद. पत्रक ल्ही.”

मी लिहायला घेतलं, ‘विहिरीत विष’.

“आसा नको. विहिरीनं काय केला? ‘आमच्या विहिरीत विष टाकला’ आसा ल्ही. खाली इचार, कोनी.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं. मग जरा बिचकतच विचारलं, “उद्गारचिन्हं किती देऊ?”

“शाई हाय तितकी,” आत्या म्हणाली.