मतापुरती चूल

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडत होतो. दारात अण्णांचा थोरला मुलगा नामदेव येऊन उभा राहिला. अंगावर कंपनीचे खाकी कपडे तसेच होते. सकाळच्या शिफ्टला गेलेला माणूस दहा वाजता शाळेच्या दारात कशाला येईल, हे कळायला मास्तर असावं लागत नाही. "काका, अण्णा..." एवढंच तो म्हणाला आणि चौकटीला डोकं टेकून उभा राहिला. मी मुलांना घरी सोडलं आणि त्याच्याबरोबर निघालो. शाळेपासून घर दोनशे पावलांवर. ती चालताना माझ्या मनात दुःखाच्या आधी दुसरीच गोष्ट आली, ती लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तीन वर्षांपूर्वी भर सभेत मी या माणसाचा अपमान केला होता. त्याची माफी मागायची राहिली होती आणि आता ती मागायला समोर कोणी नव्हतं. याला आज पाच आठवडे झाले.

अण्णा माझे चुलतभाऊ, वयानं नऊ वर्षांनी थोरले. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे भाऊ म्हणा, बाप म्हणा, जे काय होतं ते अण्णाच. मी सातवीच्या परीक्षेला पुण्याला गेलो तेव्हा चिंचवडच्या स्टेशनापर्यंत माझी वळकटी डोक्यावर घेऊन चालत आले होते, आणि गाडी सुटताना "पेपर सोपा असला तरी घाई करू नको, सदा" असं खिडकीतून तीनदा सांगितलं होतं. स्वतः शिकले चार बुकं. पण गावच्या सभेत अण्णा बोलायला उठले की तंबाखू मळणारे हात थांबायचे. त्यांची एक खोड होती. ज्याच्याशी वाद असेल त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. बांधाचा तंटा असो, जत्रेच्या मानाचा असो, अण्णा विरुद्ध पक्षाच्या घोंगडीवर मांडी ठोकून बसलेले. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "लांब बसलं की वरडावं लागतं. शेजारी बसलं की माणूस आपसूक हळू बोलतो." मी हे वर्गात मुलांना सांगायचो, अगदी ठसवून. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो.

ती वेळ आली गायरानाच्या निमित्तानं. आमचं गाव पवनेच्या अंगाला, आकुर्डीच्या अलीकडे. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं सुरू झाली होती आणि हमरस्त्याला लागून असलेलं आमचं गायरान एका कंपनीच्या नजरेत भरलं. मामलेदारांनी सांगितलं, गावाचं एकमत करून ठराव द्या. एकमत! आमच्या गावात जत्रेला तमाशा कुठला आणायचा यावर एकमत होत नाही. शेवटी पंचांनी ठरवलं, सगळ्या गावाचा कौल घ्यायचा, आणि तो जुन्या रीतीनं, उंबऱ्यामागे एक मत. उंबरा म्हणजे तरी काय? तर जिथं चूल तिथं उंबरा. एका चुलीवर दहा माणसं जेवत असली तरी मत एक, आणि ते घरच्या कर्त्याचं. ही रीत वर्गणीसाठी होती, वेठीसाठी होती. मतासाठी ती लावली की काय होईल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. महिनाभराची मुदत पडली, आणि आठ दिवसांत गावात चुली उगवू लागल्या, पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तशा. तीन धोंडे मांडले की चूल, चूल झाली की उंबरा, उंबरा झाला की मत. कुणी गोठ्यात मांडली, कुणी परसात. जन्मभर एका ताटात जेवलेले भाऊ हसत हसत वेगळे झाले. हसत झाले, कारण सगळ्यांना वाटत होतं की हे आपलं मतापुरतं आहे.

आमच्या घरात दोन मतं होती. गायरान द्यावं, कंपनी यावी, पोरांना ढेकळांखेरीज दुसरं काही दिसावं, हे माझं मत. अण्णा म्हणायचे, "कंपनी आज हाय, उद्या उठून जाईल. गायरान एकदा नांगारलं की पुन्ना गायरान व्हत न्हाई." घरी यावर आमचे चांगले कडाक्याचे वाद व्हायचे आणि वाद संपला की वहिनी दोघांना एकदमच वाढायच्या. पण कर्ते अण्णा, म्हणजे घराचं मत त्यांचं. मग मीही आमच्या खोल्यांपुढच्या पडवीत तीन धोंडे मांडले. माझी बायको इंदू म्हणाली, "भाकरी वहिनींच्या चुलीवरची, दूध वहिनींच्या म्हशीचं, आणि चूल कसली हो वेगळी?" अण्णा तिथंच बैलांना वैरण टाकत होते. हसून म्हणाले, "मांडू दे, पोरी. मतापुरती हाय. पेटवू मात्र नको, पडवीची भिंत काळी व्हईल." इतकं सगळं सरळ होतं.

सभा शाळेच्या आवारात भरली. त्या वर्षी जिकडेतिकडे सभाच सभा होत्या. मुंबईसकट महाराष्ट्र मागणारे पुढारी आमच्या रस्त्यानंही घोषणा देत जायचे, आणि जो तो भाषणातल्या टाळ्यांच्या जागा पाठ करत होता. मीही केल्या होत्या. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा अण्णा समोरच्या गोटातून उठले, नेहमीसारखे येऊन माझ्या शेजारी बसले. भाषण रंगलं. टाळ्या आल्या. टाळ्यांनी माणसाचं काय होतं ते ज्याला मिळाल्यात त्यालाच ठाऊक. मी म्हणालो, "ज्यांना गुरांच्या शेपटीपलीकडे जग दिसत नाही, त्यांच्या हाती आपल्या पोरांचं नशीब द्यायचं का?" मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नाव घ्या, नाव!" आणि मी खाली बसलेल्या अण्णांकडे हात करून म्हणालो, "शेजारीच बसलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायला लागतं?"

सगळं आवार हसलं. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो... अण्णा खाली बघत होते, मांडीवरच्या टोपीची घडी सारखी करत. मग त्यांची पाळी आली. उठले, आणि पाणी, शेण, वैरण, जनावरं यांविषयी जे बोलायचं ते सावकाश बोलले. माझ्या मुद्द्यांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. मी केलेल्या थट्टेला दिलं नाही. टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

मग कौल. मैदानात फक्कीची रेघ मारली होती. नाव पुकारलं की उंबऱ्याच्या कर्त्यानं द्यायच्या बाजूला किंवा न द्यायच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. माझं नाव पुकारलं आणि अण्णांच्या बाजूचा बबन आडवा आला. "मास्तरांचा उंबरा खोटा हाय! आज सकाळच्याला त्यांच्या घरात भाकरी अण्णांच्या चुलीवरनं गेली. म्या डोळ्यानं बघितली." गलका उठला. खोट्या चुली दोन्ही बाजूंना होत्या, पण बोट पहिलं माझ्याकडे वळलं, कारण पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारा मी. म्हातारे शिवराम पंच काठी आपटून म्हणाले, "गप ऱ्हावा. घरचा कर्ता सांगंल तेच खरं. अण्णा, तुमी सांगा. मास्तरांची चूल येगळी हाय का न्हाई?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अर्ध्या घटकेपूर्वी मी सगळ्या गावाला त्यांच्यावर हसवलं होतं. नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी माझं मत गेलं असतं आणि तोंडही काळं झालं असतं. आणि "न्हाई" हेच खरं होतं. ते म्हणाले, "हाय. येगळी हाय."

मी रेघ ओलांडली. वाटलं, काय माणूस आहे! आपल्याविरुद्धचं मत वाचवायला गावासमोर खोटं बोलला. आम्ही अकरा मतांनी जिंकलो. म्हणजे माझ्या मताची गरजसुद्धा नव्हती.

संध्याकाळी इंदू नेहमीसारखी टोपलं घेऊन वहिनींकडे भाकरी आणायला गेली आणि तशीच परत आली. वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या होत्या, "इंदू, त्यांनी गावाम्होरं सांगितलंय, चूल येगळी हाय म्हणून. मला त्यांचा सबूद खोटा कसा करता येईल?" इंदूनं पडवीतल्या तीन धोंड्यांमध्ये पहिल्यांदा जाळ केला. ओली लाकडं, धूर, पोरं खोकतायत... मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे, निवेल. अण्णांचा राग असता तर निवलाही असता. पण अण्णा रागावलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटले, बाजूला होऊन मला वाट दिली आणि म्हणाले, "या मास्तर." सदाचा मास्तर झाला तो कायमचा. सण झाले, बारशी झाली, आमंत्रणं रीतसर आली, पानं रीतसर वाढली गेली. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याशी त्यांनी पुन्हा कधी वाद घातला नाही. मी मारुतीच्या पारावर मुद्दाम काहीतरी उफराटं बोलायचो, वाटायचं, आता तरी चवताळतील, येऊन शेजारी बसतील. ते लांबूनच म्हणायचे, "मास्तर म्हणतात म्हंजी तसंच असंल." नुसत्या सभ्यपणाचा माणसाला इतका मार बसू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

कंपनी आली. गायरानाला तारेचं कुंपण पडलं. नामदेवला काम लागलं, माझे दोन विद्यार्थी तिथं यंत्रावर आहेत. अण्णांनी गाई विकल्या, एक म्हैस तेवढी ठेवली. माझं मत विचाराल तर ते आजही तेच आहे, कंपनी यायला हवी होती. मत चुकलं असतं तर बरं झालं असतं. चुकलो म्हणून पाय धरता आले असते. इथं माझं म्हणणं बरोबर होतं आणि मी वाईट वागलो होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माफी मागायला तोंड कुठून उघडावं तेच कळत नाही. गेल्या दिवाळीत अण्णा खोकत ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी सभेत मी..." ते मधेच आत वळून म्हणाले, "आगं, मास्तर आल्यात, च्या टाक." चहा आला, तो मी प्यालो आणि उठलो. तीच शेवटची भेट म्हणायची.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतल्या सगळ्यात जवळच्या वेगळ्या चुलीवरून पिठलं-भाकरी जाते. अण्णांना पोचवून आल्यावर शिवराम पंच इंदूला म्हणाले, "सूनबाई, जवळची येगळी चूल तुमचीच. तुमी पेटवा." एक घर असतो तर त्या दिवशी आमचीही चूल थंड राहिली असती. इंदू रडत रडत भाकरी थापत होती. टोपलं मी नेलं. तीन वर्षांनी वहिनींच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. तिथं माझी जेवायला बसायची जागा होती, रांजणाजवळ. तिथं आता नामदेवची मुलगी बसली होती.

तेराव्याचं सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मी वहिनींपाशी गेलो. म्हटलं, आता त्यांच्याकडे तरी बोलून टाकू. "वहिनी, अण्णा त्या दिवशी माझ्यासाठी गावासमोर खोटं बोलले. माझं मत राहावं म्हणून. मी त्यांचे उपकार..." वहिनींनी मान वर केली. डोळे कोरडे होते.

"खोटं?" त्या म्हणाल्या. "भावजी, त्यांनी जन्मात खोटं सांगितलं न्हाई. मी बी त्यांना घरी आल्याव हेच इचारलं हुतं, की भावजींच्या मतापायी असं खोटं का बोललासा. तर म्हणले, 'मी कुठं खोटं बोललो? तो भाषण करत हुता तवा मी त्याच्या शेजारीच बसलो हुतो. तवाच येगळी झाली की चूल. पंचांनी इचारलं, मी सांगितलं.'"

मी म्हणालो, "वहिनी, आता तरी चूल एक करू." त्यांनी "न्हाई" म्हटलं नाही, "व्हय" म्हटलं नाही. उठल्या. फळीवर आमचं टोपलं होतं, त्या दिवशी मी भाकरी घेऊन आलो होतो ते. घासूनपुसून ठेवलेलं. त्यांनी कणगीतून दोन मुठी तांदूळ काढले, त्यात घातले आणि टोपलं माझ्या हातात दिलं.

आमच्या गावात दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ते टोपलं आमच्या पडवीत आहे. तांदूळ इंदूनं अजून शिजवलेले नाहीत.