खलाशी परब आणि कारवीची नाळ

"सावकास रे मेल्यांनो! डोक्याक लागतला त्याच्या!"

परबकाका असे ओरडले की समोरच्या कड्यावरून निघालेली घारसुद्धा पंख आवरून सावकाश उडायला लागली, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. आम्ही चौघे बांबूच्या झोळीला खांदा देऊन कारवीची नाळ उतरत होतो. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली उभी घळ. जिन्यासारखी, पण पायऱ्या एखाद्या पिसाळलेल्या गवंड्याने फेकून मारलेल्या. एप्रिलचं ऊन, दगड तव्यासारखे, आणि झोळीत मिलिंद. त्याच्या डोक्याला लागेल म्हणून काका कोकलत होते, पण मिलिंद आदल्या दिवशीच मेलेला होता.

"काका, मेलाय हो तो," मागच्या खांद्याकडून कोणीतरी धापा टाकत म्हणालं.

"मगे? मेलो म्हणान आपटूचो?"

त्यानंतर खाली गाव येईपर्यंत बोलले ते फक्त काका, तेही मिलिंदशी.

परबकाका डोंगरातले नव्हते. मुळात त्यांना डोंगर आवडतच नसत. "डोंगर काय पळान जाता? घराकडसून बघूचो!" असं ते आम्हां पोरांना सुनवत. ते मुलुंडच्या एका कारखान्यात खलाशी होते. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज दिसतं. पण कारखान्यातला खलाशी म्हणजे दोर, कप्पी आणि पहार घेऊन दहा-दहा टनांची यंत्रं हलवणारा माणूस. गाव मालवणकडचं, बिऱ्हाड नाहूरला रुळांलगतच्या चाळीत. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पण आवाज असा की मुलुंडला हाक मारली तर ठाण्याच्या खाडीतले बगळे उडावेत. त्यांनी एकट्याने लेथ उचलून साहेबाला "खंय ठेवू?" असं विचारलं, ही गोष्ट मीच पसरवली होती. खरं तर लेथ आठ जणांनी उचललं होतं. एकटे होते ते ओरडायला.

आमचं मुलुंडला एक भटकं मंडळ होतं. बँकेतले, टेलिफोनमधले, दोन-तीन मास्तर. रविवार आला की पाठीवर पिशव्या टाकून निघायचे. एकदा आमच्यातला एक जण कड्याच्या मधल्या धारेवर पाय मोडून अडकला. लांब दोर हवा होता. आम्ही परबकाकांच्या दारात गेलो. ते म्हणाले, "दोर कंपनीचो आसा, तुमच्या बापाशीचो नाय. दोर जातलो थंय मी येतलंय." दोरावर लक्ष ठेवायला म्हणून आले आणि त्या माणसाला पाठीला बांधून खाली घेऊन आले. तेव्हापासून डोंगरात कोणी पडलं की आमच्या वाण्याच्या दुकानातला फोन वाजायचा, आणि कोणीतरी सायकलवर टांग टाकून नाहूरला पळायचं. सात-आठ वर्षांत त्यांनी किती जणांना खाली आणलं ते मी सांगत नाही, कारण माझा आकडा फुगलेला असणार. जिवंत त्यांतले थोडे.

त्यांचे काही नियम होते. गाठ मारताना कोणी बोलायचं नाही. खोकलासुद्धा गिळायचा. मेलेल्याचं नाव आधी विचारून घ्यायचं आणि वाटभर त्याला नावाने बोलवायचं. "चल सुरेश, थोडाच ऱ्हवला आता." नवीन पोरांच्या अंगावर काटा यायचा. कोणी वजनावरून कुरकुरलं की म्हणायचे, "वजन खोटा बोलणा नाय रे. माणूस बोलता." आणि दहावं झालं की ते मेलेल्याच्या घरी जात. त्याचं घड्याळ, पाकीट, बूट नेऊन देत. बूट स्वतः धुतलेले, नाड्या नव्या. तिथे ते एकच वाक्य बोलत, आणि तेवढं एक शुद्ध मराठीत, शाळेतल्या पोराने पाठ केल्यासारखं: "त्याला त्रास नाही झाला. लगेच गेला." मी दोनदा त्यांच्याबरोबर होतो. दोन्ही वेळा ते खरं नव्हतं. एक तर रात्रभर कण्हत होता. पण त्या वाक्यावर आया जेवायला लागत, हे मी पाहिलं आहे.

आता माझं. मंडळाचं एक पत्रक निघायचं, सायक्लोस्टाइल केलेलं, शाई हाताला लागणारं. त्यात वाटांची वर्णनं मी लिहायचो. माझे कडे दर वेळी पन्नास फुटांनी वाढत. एकदा मला बिबट्याने रस्ता विचारला होता. लोक हसत, पत्रक हातोहात जाई. मिलिंद गेला त्या वर्षी मी कारवीच्या नाळेवर लिहिलं. नाळेच्या तोंडाशी मी गेलो होतो, एवढं खरं. खाली वाकून पाहिलं, दोन पावलं मागे सरलो, आणि गुपचूप शेजारच्या सोप्या बैलवाटेने उतरून घरी आलो. पण बैलवाटेवर कोण काय लिहिणार? म्हणून लिहिलं की मी नाळ शीळ वाजवत तासाभरात उतरलो. आणि वर्णन कोरडं वाटू नये म्हणून: "अर्ध्या वाटेत डाव्या हाताला कातळात कोरलेलं टाकं आहे. बारमाही पाणी, मधासारखं. तिथे पोटभर प्या आणि बाकीची नाळ पळत उतरा."

मिलिंद घाटकोपरचा. वय तेवीस, नोकरीला नुकता लागलेला. शनिवारी एकटाच गेला. सोमवारी सकाळी त्याचे वडील आमच्याकडे आले. दुपारच्या आत आम्ही परबकाकांना घेऊन नाळेच्या वर होतो. सगळे मधल्या दगडांतून हाका मारत उतरत होते. काकांनी मला थांबवलं.

"तू हंय आदी इलेलंस मा? खंय सोदूया?"

"डावीकडे," मी म्हणालो. "अर्ध्यावर."

"कशावरसून?"

मी पाठीवरची पिशवी उगाच सारखी केली. काका माझ्याकडे एकदा बघून डावीकडे वळले.

तो तिथेच होता. वाट सोडून, कड्याच्या कडेकडेने चांगला दीडशे पावलं आत गेलेला. हे दीडशे मी मोजलेले आहेत, वाढवलेले नाहीत. एका खळग्यातला पाला त्याने हातांनी उकरला होता. नखांत माती होती. ओठ फुटून काळे पडले होते. बाटली एकच, रिकामी, झाकण नीट लावलेली. काकांनी त्याचा खिसा चाचपला. खिशात चौपदरी घडी केलेलं पत्रक होतं. टाक्याच्या ओळीखाली शाईने रेघ मारलेली.

काकांनी ते एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा.

"ह्या तुया लिवलंस?"

"हो."

"टाका खंय आसा?"

"नाहीये. मी... ही नाळ मी उतरलोच नव्हतो, काका."

बाकीचे अजून वर होते. हे ऐकलं फक्त त्यांनी. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, ती मला हवी होती. त्यांनी कागद आपल्या खिशात घातला, मिलिंदच्या खांद्याखाली दोर सरकवला आणि गाठ मारायला घेतली. मी गप्प उभा राहिलो.

गावातल्या डॉक्टरांनी उन्हाचा झटका लिहिला. पोलिसांनी तेच लिहिलं. मंडळाने शोकसभा घेतली, तीत मी बोललो आणि लोक रडले. काकांनी तोंड उघडलं असतं तर मला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते बोलले नाहीत. त्यानंतर पाच-सहा वर्षं जगले, मग गावी जाऊन दम्याने गेले. तोवर त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट होते. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यापर्यंत काका पुढे, मी मागे असे चढलो. दारापाशी त्यांनी खिशातून तो कागद काढून माझ्या हातात दिला.

"आज तू बोल."

"काका, तुमचं ते नेहमीचं सांगा ना. त्यांना बरं वाटेल."

"त्यांका बरा वाटतला, का तुका?"

आणि त्यांनी कडी वाजवली.

मिलिंदचे वडील सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. काकांनी बूट भिंतीशी जोडीने ठेवले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून बसले. मग मी बोललो. आयुष्यात एवढं थोडक्यात मी कधी बोललो नसेन. हे मी लिहिलं. टाकं नाही. मी तिथे उतरलो नव्हतो.

वडिलांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बिबट्यावाली गंमत त्याच अंकात होती. तीही वाचली. चष्मा काढून पुसला.

"छान लिहिता तुम्ही," ते म्हणाले.

आई दारातून म्हणाली, "मी दोन भरल्या होत्या बाटल्या. वाटेत टाकं आहे म्हणाला, आणि एक ठेवून गेला."

शिव्या नाहीत, रडणं नाही. काका उठले म्हणून मीही उठलो. कागद वडिलांनी परत दिला नाही, मी मागितला नाही.

आग्रा रोडवर बसथांब्याशी आम्ही उभे राहिलो. ट्रकांचा धूर, ऊन, शेजारी उसाच्या रसाची घुंगरं वाजत होती. मला राहवेना. मी विचारलं, "काका, कधीतरी माफ करतील ना हो ते मला?"

काका रस्त्याकडे बघत होते.

"नाय," ते म्हणाले. "बस इली."