डॉमिंगोच्या अडतीस पायऱ्या

आमच्या वाडीत नारळ पाडायला आले की लोकांच्या तोंडी अजूनही आधी डॉमिंगो फर्नांडिसचं नाव येतं. मग जीभ चावून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतात. माडावर चढून नारळ काढणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात, आणि डॉमिंगो बावीस वर्षं मालवणपासून आचऱ्यापर्यंत नावाजलेला पाडेली होता. पायांत दोरीचा वेढा, कमरेला कोयता आणि दिवसाला तीस-पस्तीस माड. चढण्याआधी माडाभोवती एक फेरी मारायचा, बुंध्यावर थाप द्यायचा, वर शेंड्याकडे बघायचा आणि मगच पाय लावायचा. बागायतदार घाई करायला लागला की म्हणायचा, "माड खंय पळान जाता?"

एवढा जपून वागणारा माणूस सहा वर्षांपूर्वी एका शेवाळलेल्या माडावरून खाली आला. मणका गेला. तेव्हापासून कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श.

पहिलं वर्ष त्याने खाटेवर पडून कौलांना शिव्या घालण्यात काढलं. त्या शिव्या खरं तर बायकोला, एस्पेरांसालाच ऐकाव्या लागत. दुसऱ्या वर्षी घरचा विहिरीवरचा पंप जळला, दुरुस्तीवाला आठ दिवस आला नाही, तेव्हा डॉमिंगोने तो पंप खाटेवरच आणवून खोलला. मोबाईलवर बघून बघून मोटर गुंडाळायला शिकला. आता एप्रिल-मे महिन्यात त्याच्या पडवीत पंपांची रांग लागलेली असते. एकदा काम करता करता जळका वास आला, म्हणून त्याने मोटर तपासली, वायर तपासली. शेवटी खाली बघितलं तर तापलेलं हत्यार मांडीवर पडलेलं होतं. डॉक्टरांनी तेव्हा चांगलंच झापलं. अशा शरीराला साधं खरचटलं तरी जखम हाडापर्यंत जाऊ शकते, दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, कातडी रोज तपासायची. आंघोळीनंतर एस्पेरांसा त्याची पाठ, मांड्या, टाचा अशा बारकाईने बघायची की डॉमिंगो म्हणायचा, "गो, तांदूळ निवडतंस काय?"

या माणसाला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे उचलणं. आमच्याकडची माणसं मनाची मोठी, त्यात काही वाद नाही. चाकाची खुर्ची आणि समोर पायरी दिसली की चार जण धावतात, "धर रे, उचल रे" म्हणत खुर्ची हवेत. बँकेत तेच, तालुक्याच्या कचेरीत तेच. खुर्चीत बसलेल्याला मात्र कुणी विचारत नाही की बाबा, तुला कुठे जायचंय. एकदा तर त्याला बँकेत जायचं नसताना बँकेत नेऊन ठेवला होता.

गेल्या वर्षी त्याची मुलगी जॉयस मडगावच्या नर्सिंग स्कूलला लागली. तिला पोचवायला तो आणि एस्पेरांसा निघाले. स्टेशनावर गाडी पलीकडच्या फलाटावर आली, म्हणून चौघांनी डॉमिंगोला खुर्चीसकट पुलावर चढवायला घेतलं. वळणावर एकाची चप्पल सटकली आणि डॉमिंगो खुर्चीसकट पाच पायऱ्या खाली. जॉयस वरून धावत आली. त्याने तिलाच ओरडून गाडीत बसायला पाठवलं. गाडी त्याच्यादेखत गेली. कोपर पंधरा दिवस सुजलेलं होतं, पण ते दुखणं तो कधीच विसरला. मुलीला दारापर्यंत पोचवता आलं नाही, हे विसरला नाही.

म्हणून या वर्षी जॉयसचा फोन आला तेव्हा त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. मुलींच्या शपथेचा कार्यक्रम होता, पांढऱ्या गणवेशात मेणबत्ती हातात घेऊन. दुपारी तीन वाजता. जॉयस म्हणाली, "पप्पा, तुका जमलां तर ये. नाय तर मम्मी व्हिडिओ काढतली."

"मी येतलंय," डॉमिंगो म्हणाला. "पयल्या रांगेत बसतलंय."

गाडी भाड्याने करून तीन तास रस्त्याने जाणं त्याच्या पाठीला झेपणारं नव्हतं. रेल्वेत आपल्या खुर्चीवर, आपल्या जाड उशीवर बसून जाता येतं. एस्पेरांसा दोन दिवस आधीच मडगावला भावाकडे जाणार होती. तिने काळजी केली, चिडली, आणि शेवटी शेजारच्या भाईला बजावून गेली. भाई राऊळ रिक्षावाला. डॉमिंगोचा शाळेपासूनचा दोस्त.

आठ दिवस आधी डॉमिंगो भाईच्या रिक्षातून स्टेशनावर गेला आणि माडाभोवती मारायचा तशी त्याने स्टेशनाला फेरी मारली. बाहेरचा उतार चांगला होता, एक नंबर फलाटापर्यंत खुर्ची नीट जात होती. दोन नंबरला जायला मात्र पूल. अडतीस पायऱ्या वर, अडतीस खाली. लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्याभोवती पत्रे उभे होते आणि पत्र्यावरच्या पाटीतली तारीख उन्हाने उडून गेली होती. फलाटाच्या टोकाला सामानाची ढकलगाडी रुळांवरून पलीकडे नेण्याचा रस्ता होता, पण कर्मचारी सोबत असेल आणि सिग्नल नसेल तरच. डब्यात चढवायचा लोखंडी रॅम्प पार्सलच्या खोलीत जुन्या पाट्यांच्या मागे कुलपात होता.

कामावर शिवांगी मॅडम होत्या, तिशीतल्या, स्टेशन मास्तर. डॉमिंगोने आपली कचेरीतली मराठी काढली. "मॅडम, गाडी एक नंबरलाच येईल ना?"

"रोज एकलाच येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही अर्ज लिहून द्या. रॅम्प मी स्वतः काढून ठेवते."

आणि हे सांगायलाच हवं, की त्या बोलल्या तशा वागल्या. त्या दिवशी डॉमिंगो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पोचला, तेव्हा रॅम्प पुसून, दिव्यांगांचा डबा लागतो त्या जागी आणून ठेवलेला होता. डॉमिंगो त्याच्याकडे बघून असा हसला की भाईने विचारलं, "लगीन तुझा आसा की चेडवाचा कार्यक्रम?"

गाडीला बारा मिनिटं उरली असताना कर्ण्यातून आवाज आला. मडगावची गाडी आज दोन नंबर फलाटावर येईल.

आमच्याकडे रेल्वेचा मार्ग एकेरी. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना वाट देतात, आणि कोण कुठल्या रुळावर हे लांबच्या नियंत्रण कक्षातून ठरतं. समोरची गाडी उशिरा धावत होती, एवढंच झालं होतं. शिवांगी मॅडम फोन ठेवून धावत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "दादा, एक नंबरवरून समोरची गाडी न थांबता जाणार आहे. सिग्नल दिलाय. आता रुळांवरून नेता येणार नाही. माझ्या जबाबदारीवरसुद्धा नाही."

"आणि पुढची गाडी?"

"संध्याकाळी."

डॉमिंगोने पुलाच्या पायऱ्यांकडे बघितलं. तोवर चार जण जमलेच. "चला रे, उचला." एकाने चाकाला हातही घातला.

"हात लावू नकात," डॉमिंगो म्हणाला.

"आयक रे," भाई अजिजीने म्हणाला. "मी धरतंय तुका फुडल्यान."

"गेल्या वर्सा पण धरल्यानीच होते." डॉमिंगोने खुर्ची पहिल्या पायरीला लावली, ब्रेक दाबला आणि हातांवर अंग तोलून तो पायरीवर उतरला. पाठ जिन्याकडे. दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले, जोर दिला, अंग उचललं, वरच्या पायरीवर टेकवलं. मग हाताने एक पाय वर ओढला, मग दुसरा. "भाई, तू खुर्ची घे."

बावीस वर्षं माड चढलेले हात होते ते. दहा पायऱ्या त्याने अशा काढल्या की उचलायला आलेले मागे सरले. विसाव्या पायरीला शर्ट भिजला. पायऱ्यांच्या कडेला लोखंडी पट्ट्या होत्या, कुठे कुठे वर आलेल्या. त्यांनी तळहात सोलवटले, ते त्याला कळलं. बाकीचं कळण्याचा प्रश्नच नव्हता. मोबाईलवर बातम्यांचं पान चालवणारा सुशांत योगायोगाने तिथे होता, तो उलटा चालत चित्रण करत होता. "डॉमिंगोभाव, एकदा हडे बघ," असंही म्हणाला. डॉमिंगोने बघितलं नाही. पुलावर पोचल्यावर टाळ्या पडल्या. पूल ओलांडायला खुर्ची होती, पण उतरताना पुन्हा तेच, आणि उतरताना गाडी दिसत होती म्हणून घाई. एकेका पायरीवर अंग आदळत, टाचा पुढे घासत, तो खाली आला. गार्डाने गाडी दोन मिनिटं धरून ठेवली. रॅम्प पलीकडच्या फलाटावर राहिला होता. डॉमिंगोने दाराच्या दांड्याला धरून स्वतःला आत ओढून घेतलं, भाईने खुर्ची आणि उशी चढवली, आणि गाडी सुटली.

खिडकीशी बसून डॉमिंगो एकटाच हसत होता. आपण जातोय, कुणी उचलून नेलं नाही, आपण जातोय. सांगितल्याप्रमाणे दर अर्ध्या तासाने तो हातांवर अंगही उचलत होता.

तो मडगावला पोचायच्या आधी त्याचा व्हिडिओ पोचला होता. एस्पेरांसा आणि तिचा भाऊ त्याला नर्सिंग स्कूलमध्ये घेऊन आले, तर दारातला रखवालदारसुद्धा म्हणाला, तुम्हीच ना ते? मुलींच्या आईबापांनी हात मिळवले. एकाने पहिल्या रांगेतली खुर्ची बाजूला करून जागा दिली. डॉमिंगो तिथे बसला. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

जॉयस आली ती पांढऱ्या कडक गणवेशात. तिनेही व्हिडिओ बघितला होता. पण ती एक वर्ष नर्सिंग शिकलेली होती, तिने त्यात बापाचे हात नव्हे, पायऱ्यांवर आदळणारं अंग बघितलं होतं. ती गुडघ्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, माका तुझी पाठ बघूक होयी."

"मागीर गो. आदी कार्यक्रम."

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. उशी आणि मांडी यांच्यामध्ये हात घातला आणि बाहेर काढला. बोटं लाल झाली होती.

शेजारीच मुलींच्या सरावाची खोली होती, खाटा असलेली. तिथे त्याला कुशीवर निजवलं. पँट जखमेला चिकटली होती, ती पाण्याने भिजवून सोडवावी लागली. माकडहाडाशी तळहाताएवढी कातडी गेली होती आणि त्यात पायऱ्यांवरची बारीक खडी रुतली होती. दोन्ही टाचा उघड्या पडल्या होत्या. एवढं घेऊन माणूस दोन तास हसत बसून आला होता. एस्पेरांसाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "जॉयस, तू जा, मी करते." जॉयस हात धूत होती. ती म्हणाली, "सिस्टर, मी करतंय." कचेरीची, वर्गाची भाषा त्या क्षणी ती विसरली होती.

भिंतीपलीकडे प्रार्थना झाली. मग मुलींनी एका आवाजात शपथ म्हणायला सुरुवात केली.

"जा गो," डॉमिंगो म्हणाला. "अजून वेळ आसा. माका काय दुखणा नाय."

"म्हणानच," जॉयस म्हणाली. "गप रव पप्पा. हलू नको." ती चिमट्याने एकेक खडा काढत होती.

एकेचाळीस मुलींच्या वर्गातून त्या दिवशी चाळीस मुलींनी शपथ घेतली. डॉमिंगो तोंड उशीत खुपसून रडला. सहा वर्षांत त्याला रडताना एस्पेरांसानेही पाहिलं नव्हतं. हिला बघायला आपण आलो आणि आपल्यामुळेच ही तिथे नाही, हे त्याला त्या जखमेपेक्षा फार खोल लागलं, आणि ते लागलेलं त्याला कळत होतं.

त्यानंतर नऊ आठवडे तो घरी पालथा पडून होता. पडवीत पंप साचले. एक दिवस सुशांत आला, खुशीत. पायऱ्यांचा व्हिडिओ दूरदूर गेला होता. रविवारी कुणी मोठे साहेब येणार होते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता, दोन शब्द जिद्दीबद्दल.

डॉमिंगोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या आवाजात. "आयतवारी नको. उद्या सकाळी धा वाजता ये. त्या वेळेक एस्पेरांसा पट्टी बदलता. ता पण काढ मोबायलात."

सुशांत खरोखरच आला. मध्ये एकदा त्याला पडवीत जाऊन उभं राहावं लागलं, पण परत आत येऊन त्याने शेवटपर्यंत चित्रण केलं, आणि खाली लिफ्टच्या पत्र्यांबद्दल चार ओळी लिहून ते आपल्या पानावर टाकलं. डॉमिंगोने आधी स्वतः बघून, टाक म्हणून सांगितलं होतं.

पायऱ्यांचा व्हिडिओ आजवर सव्वादोन लाख लोकांनी पाहिला आहे. हा त्र्याण्णव जणांनी पाहिला.