तांब्याचा गळा

तुमच्या घरातल्या तांब्यावर कुणाचं नाव आहे? आत्याचं असेल, मामाचं असेल, 'यांजकडून सप्रेम भेट' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं. ज्यानं तो ठोकून घडवला त्याचं आहे का?

रागानंच विचारतेय. पण त्यातला निम्मा राग माझ्यावर आहे.

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील लातूरला शिक्षक, शाळा सुटली की संघटनेचं काम. रविवारी मी पत्रकांच्या घड्या घालायची. त्यांचा एक नियम होता: खाली छापणाऱ्याचं नाव नसेल तो कागद वाटायचा नाही. नांदेडला डिझाइन शिकायला गेले तेव्हा पहिल्याच वर्षी मी वसतिगृहाच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं पत्रक लावलं, 'ज्याचे हात, त्याचे नाव.' कारागिराकडून वस्तू करून घेऊन आपली म्हणून मिरवणाऱ्यांची त्यात सालटी काढली होती.

तिसऱ्या वर्षी धातुकाम आलं. सपाट पत्र्यातून, कुठेही जोड न देता, तांब्या उठवायचा. वर्कशॉपमध्ये माझे दोन पत्रे काठाला फाटले. तेव्हा सुट्टीत लातूरला येऊन एका म्हाताऱ्या तांबटाच्या दुकानात जाऊन बसले. गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणू लागले.

तांबं ठोकलं की कडक होतं. मग ते लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. हे माझ्या वहीत होतं, हातात नव्हतं. भट्टीपर्यंत उठून जायचं जिवावर यायचं. अजून दहा ठोके, अजून दहा, असं करत मी रेटायची.

"थांब की माय," मामा पाठ फिरवूनच म्हणायचे. "तांबं वरडायलंय. ऐकू येत न्हाई का?"

"मला तर सारखाच आवाज येतोय, मामा."

"येणारच. ठोकताना बी मनात भाषण करायलीस तू."

आठ दिवसांत तांब्याचं पोट जमलं. गळा जमेना. आत वळवायला गेलं की पत्र्याला सुरकुत्या पडायच्या. जमा करायला दोन दिवस उरले आणि मी हातोडी आपटली. मामांनी ती उचलली, म्हणाले, "बघ नुसतं." ते चार ठोके मारायचे, थांबायचे, तापवायचे, पुन्हा बसायचे. संध्याकाळपर्यंत गळा उभा होता. मी खरंच नुसतं बघितलं होतं.

ज्युरीला परीक्षक म्हणून बाहेरून आलेल्या बाईंनी गळ्यावरून अंगठा फिरवला. "हा फार सुंदर उतरलाय. सगळं तूच केलंस?"

"हो."

कुणी धमकावलं नव्हतं. आणखी चार शब्द बोलायला वेळही होता. मी ते बोलले नाही.

त्यानंतर एका जागी बसवेना. मेसमध्ये ताट अर्ध्यावर टाकून उठायची. गोदावरीच्या घाटावर जाऊन पाचव्या मिनिटाला परत फिरायची. भिंतीवरचं पत्रक, एक कोपरा सुटलेलं, अजून तिथंच होतं आणि अक्षर माझं होतं. शनिवारी तांब्या पिशवीत घातला आणि लोह्यावरून लातूरला जाणारी एसटी धरली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसले. "मग काय सांगणार होतीस? लातूरच्या म्हाताऱ्यानं केला म्हणून? नापास केलं असतं की तुला!"

"तुमचं नाव घालायचंय यावर."

"माझं? तांब्यावर देणाऱ्याचं नाव असतंय, न्हाईतर मेलेल्याचं. लोकं इचारतेल, मामा कधी गेले म्हणून."

"मामा, मी चेष्टा करत नाहीये."

त्यांनी तांब्या उपडा केला, बुडाकडे बघितलं. "साठ वर्षं करायलोय," म्हणाले, "कुणी इचारलं न्हाई." मग छिन्नी माझ्या हातात दिली. "घाल. पर नीट घाल, वाकडं नको. अन् गळ्याचं तेवढं माझं लिही. पोट तुझंच हाय, त्याला चार खड्डे हायत."

सोमवारी नांदेडला आमच्या धातुकामाच्या मॅडमसमोर नाव कोरलेला तांब्या उपडा ठेवला आणि गळा कुणी केला ते सांगितलं.

"आता कशाला सांगितलंस?" त्या वैतागल्या. "गुण कमी करावे लागतील."

"करा, मॅडम."

गुण कमी झाले. जीव स्वस्थ झाला असं मात्र नाही. घरी गेले की मी मांडणीवरची भांडी एकेक उपडी करून बघते. सगळ्यांची बुडं कोरी आहेत.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या लग्नात, बारशाला तुम्ही तांब्या द्याल आणि त्यावर नाव घालायला थांबाल, तेव्हा दुकानदाराला विचारा, हा कुणी केला? तो 'माहीत नाही' म्हणाला, तर चौकशी करायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. नाव कळलं की वर तुमचं घालून घ्या आणि बुडाला त्याचं.