कपाशीच्या ओळीत सांगायचा युरोप

युरोप फिरायचं मी ठरवलं नव्हतं. ते मायने ठरवलं, भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्याच्या रानात, कपाशीच्या ओळीत वाकलेली असताना.

आमच्याकडे बियाण्याचा प्लॉट असतो. नव्या जालन्यातली कंपनी नर आणि मादी कपाशीचं बियाणं देते आणि बाया हाताने क्रॉसिंग करतात. दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट तिचा नरभाग सोलून काढायचा आणि उरलेल्या स्त्रीकेसराला लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नर फुलाचा पराग घासायचा, देठाला दोरा बांधायचा. एका बाईच्या हातून दिवसाला शेकडो कळ्या जातात. पाठ मोडते, पण त्याहून जास्त डोकं शिणतं. म्हणून ओळीत कुणीतरी सतत काहीतरी सांगत असतं.

बियाणेशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मला हॉलंडची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं आधीच पुष्कळ कौतुक होऊन गेलं होतं. बापू, म्हणजे माझे वडील, विरोधात होते. माय एकटी बाजूने उभी राहिली. निघायच्या आदल्या दिवशी तिने अट घातली.

"दर शनवारी एक गाव पाह्यचं आन आईतवारी फोनवर सांगायचं. टीव्हीवरच्या साऱ्या गोष्टी संपल्यात आमच्या."

"माय, मी शिकायला चाल्ले."

"शिक की. शाळेला सुट्टी न्हाई का तिकडं?"

कडूबाई मावशी, म्हणजे आमच्या बायांच्या टोळीची पुढारीण, पलीकडच्या ओळीतून ओरडली, "आन गोऱ्याचे फोटू नको सांगू गं उज्वले. फोटू दिसत न्हाईत फोनवर. काय खाल्लं, काय झालं, ते सांग!"

तर, ज्यांना शिकत असताना असं फिरायचंय त्यांना पहिली गोष्ट सांगते: हॉलंडचा राहण्याचा परवाना हातात आला की शेजारच्या बहुतेक देशांना वेगळा व्हिसा लागत नाही. दुसरी गोष्ट: चप्पल नव्हे, चांगले बूट घ्या. मी जालन्याहून नेलेले बूट ब्रुसेल्सच्या दगडी रस्त्यावर पहिल्याच महिन्यात फाटले. ब्रुसेल्समध्ये मी काय पाहिलं याची मला आज नीट आठवण नाही. डाव्या बुटात पाणी शिरत होतं आणि मी कागदाच्या पुडीतले गरम तळलेले बटाटे खात एका चर्चच्या दारात उभी होते, एवढं आठवतं.

सोबत असायची माझी खोलीची जोडीदारीण, हिरुत. ती इथिओपियाची, शेतकऱ्याचीच मुलगी. तिला फिरण्याची खरी हौस होती. मी मात्र शुक्रवारी प्रयोगशाळेतून आले की अंथरुणाकडे बघत पिशवी भरायचे. सकाळची पहिली गाडी, कारण ती स्वस्त. पिशवीत पाव, उकडलेली अंडी, घरून आणलेला शेंगदाण्याचा ठेचा. ठेचा पुरवून पुरवून फेब्रुवारीपर्यंत नेला. दुपारपर्यंत एक किल्ला, एक चर्च, एक चौक. मग पाय दुखायला लागायचे आणि सगळी गावं सारखी दिसू लागायची. रविवारी दुपारी परत येऊन फोनचं कार्ड खरवडायचं आणि नंबर लावायचा. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. आमच्या विहिरीच्या काठावरच रेंज येते, त्यामुळे माय, कडूबाई मावशी आणि चार-पाच बाया तिथे बसून असायच्या. फोन मोठ्या आवाजावर. सोमवारी तेच सगळं माय ओळीत पुन्हा, मीठमसाला लावून सांगायची.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पॅरिसला गेलो. बस पंचवीस युरोला पडली, वसतिगृहातला पलंग अठराला. खाण्यासाठी लांब काठीसारखा पाव आणि चीज घ्या, त्याहून स्वस्त काही नाही. आयफेल टॉवरला लिफ्टने जायला पैसे जास्त, पायऱ्यांनी कमी; पण रांग दोन्हीकडे. वारा असा की डोळ्यांतून पाणी. तासभर उभं राहून मी रांगेतून बाहेर पडले. हिरुत वर गेली. मी खाली ओल्या बाकावर बसून पाव खाल्ला आणि पिशवी पोटाशी धरून झोपले. झोप लागली तीही चांगली.

रविवारी कडूबाई मावशीने विचारलं, "लोखंडाचा मनोरा पाह्यला का?"

"पाह्यला."

"वर चढली का मंग?"

विहिरीवर कान देऊन बसलेल्या त्या बाया मला डोळ्यांसमोर दिसल्या. मायने बापूंशी भांडून मला पाठवलेलं. मी म्हणाले, "हो, चढले की. शेकडो पायऱ्या."

पुढचं आपोआप आलं. वरून नदी दोऱ्यासारखी दिसते, घरं कपाशीच्या ओळींसारखी, माणसं मुंग्यांसारखी. हिरुतने सांगितलेलं थोडं, बाकी माझं. तिकडे "अगं माय" असे उद्गार. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मावशीची फर्माईश: "ते मनोऱ्याचं सांग गं पुन्हा. वेचणीला बराबर जातंय." मी पुन्हा चढायचे. प्रत्येक वेळी एखादी पायरी वाढायची. शिक्षणाने माणूस खरा होतो, असं मी दहावीच्या निरोप समारंभात भाषण केलं होतं, आणि मला ते मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं. आणि मी दर पंधरवड्याला माझ्या आईशी खोटं बोलत होते. घरी जाऊन समोरासमोर सांगायचं, असं मी ठरवलं. मग घरी जायची भीती वाटायला लागली. ही गोष्ट बापूंपर्यंत गेली तर माय कुठे तोंड दाखवणार?

शेवटची सफर ऑगस्टमधली, जर्मनीत, मोझेल नदीच्या काठी. हिची माहिती नीट देते, कारण ती कोणालाही परवडेल. जर्मनीत शनिवार-रविवारचं पाच जणांचं एकत्र तिकीट मिळायचं. ते जलद गाड्यांना चालायचं नाही, फक्त पॅसेंजरसारख्या गाड्यांना. त्यामुळे चार ठिकाणी गाडी बदलावी लागली. जिन्यांवरून पिशव्या घेऊन पळावं लागतं, तेव्हा सामान कमी ठेवा. नदीच्या दोन्ही बाजूंना उभ्या डोंगरावर द्राक्षाच्या बागा आहेत. एवढ्या उतारावर फवारणी कशी करत असतील, हाच विचार मी गाडीच्या खिडकीतून करत होते.

गावात पोचल्यावर हिरुत आणि बाकीचे तिघे किल्ला चढायला गेले. मी म्हणाले, माझे पाय संपले. एका अरुंद गल्लीत घराच्या पायरीवर बसले. भिंतीला लागून गुलाबी गुलखैरा फुलला होता, माझ्या डोक्याएवढा उंच. हे झाड भेंडी-कपाशीच्या कुळातलं. फूल तसंच, मधला दांडाही तसाच. ऑगस्ट महिना. दुपारची वेळ. आमच्याकडे क्रॉसिंग सुरू झालेलं.

मी नदीकडे बघत होते. काही विचार करत होते असंही नाही. थोड्या वेळाने दार उघडलं आणि एक म्हातारी बाई जोरात ओरडली. मी खाली पाहिलं. पायरीवर पाकळ्यांचा ढीग पडला होता. भिंतीजवळच्या सात कळ्या सोललेल्या, अगदी नीट, बुडाला जखम न होता. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं झालं होतं.

मी उठून हात जोडले. बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी विचारलं, "का? झाडाला रोग आहे?"

"नाही. माझ्या घरी हेच काम करतात. हात आपोआप चालला."

"तुमच्या घरी फुलं मोडायचं काम करतात?"

मी त्यांना वाकून दाखवलं: हा नरभाग मी काढला, हा मधला भाग राहिला, उद्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावला तर यात बी धरेल. त्या चष्मा वर करून बघत राहिल्या. त्यांचा राग गेला होता असं नाही. म्हणाल्या, "मग उद्या सकाळी या. अर्धं काम सोडून जाऊ नका."

रविवारी आठ वाजता मी गेले. समोरच्या भिंतीला काळपट लाल गुलखैरा होता. त्याची दोन फुलं त्यांनीच शेजारणीला विचारून तोडून ठेवली होती. मी सातही स्त्रीकेसरांना पराग घासला आणि माझ्या ओढणीच्या काठाचे दोरे उपसून देठांना बांधले. बाई घरातल्या झग्यात, हातात कॉफीचा कप धरून उभ्या. "रंग कोणता येईल?" "बी पेरल्यावर कळेल. एक-दोन वर्षं लागतील." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "मी ऐंशीची आहे," म्हणाल्या. मला आणखी एक कॉफी मिळाली आणि वर्षभरातला सगळ्यात चांगला केक.

त्या दुपारी गाडी बदलताना गजबजलेल्या फलाटावरून धावड्याला फोन केला. मनोरा नाही, हेच सांगितलं. विहिरीवर सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"कागदाची टोपी घातली व्हती का रात्री?"

"न्हाई."

"मंग गेलं! माशीनं आधीच काम केलं असंल," मावशी म्हणाली. "एवढं शिकायला गेलीस ना? टोपी बिगर क्रॉसिंग!"

"सात सोलल्या आन दोरे सातला बांधले ना, बराबर?" ही माय.

"बराबर."

सगळ्या इतक्या हसल्या की फोन खरखरला. आपण आता खरं सांगावं असं मला वाटलं, पण तोंड उघडेपर्यंत कार्ड संपलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत आले. जालना स्टेशनवरून एसटी स्टँडला रिक्षा, तिथून भोकरदन, पुढे धावडा. वर्षभर एवढ्या गाड्या बदलल्या, पण शेवटच्या बसमध्ये मला जेवढी झोप आली तेवढी कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रानात गेले. बापू बांधावर पंप दुरुस्त करत होते, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. माझी ओळ मागे पडली.

"नख कापून आली गं ही," कडूबाई मावशी म्हणाली. "चल, जल्दी. आन ते मनोऱ्याचं सांग, आता समोरासमोर."

मी हातातली कळी सोडली. म्हणाले, "मावशी, मी वर गेलेच न्हवते. खाली बाकावर झोपले व्हते."

सगळ्यांचे हात थांबले. बांधावरचा पान्ह्याचा आवाजही थांबला. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग आम्ही वर्षभर कशाला चढून राह्यलो गं?"

मायने मान वर केली नाही. "मला तवाच कळलं व्हतं."

"कसं?"

"शेकडो पायऱ्या चढली म्हनली. नदी सांगितली, घरं सांगितली. पाय दुखल्याचं एक अक्षर न्हाई. असं कोण चढतं?"

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बायांचं काम चाल्लं व्हतं."

बापू बांधावरून म्हणाले, "मला बी सांगितलं व्हतं तिनं, तवाच." आणि पुन्हा पंपाला लागले.

मायने एका कळीला लाल टोपी घातली, पुढच्या कळीला हात घातला. मग विचारलं, "त्या दिवशी पाय दुखत व्हते का तुझे?"

"लई दुखत व्हते, माय. साऱ्या वर्षभर."

"मंग तेच सांग की. पाय तर आमचे बी दुखतेत."

"सांग," मावशी वाकत म्हणाली. "पयलं बूट कुठं फाटलं, तिथून धर."

मी ब्रुसेल्सपासून सुरुवात केली. ओळ संपली तेव्हा मी डाव्या बुटातल्या पाण्यापर्यंतच आले होते.