हरणीचं काय?

आमच्या घरात बंदूक आहे, असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सहज बोलून गेले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "अगंबाई! बंदूक? आणि तू त्या घरात झोपतेस?" मला हसू आवरेना. सोलापूरच्या उत्तरेकडच्या माळावरच्या गावांत पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक म्हणजे काय नवल होतं! विळा-कोयता असतो तशी ती आमच्या भिंतीला टांगलेली असायची.

आबा, म्हणजे माझे वडील, शेतकरी आधी आणि शिकारी नंतर, असं ते म्हणायचे. आई उलटं म्हणायची. पण त्यांचा स्वतःचा कायदा होता. दसऱ्याला बंदूक पुजायची, नळीवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "पाजती, पोटुशी आन् पाण्यावरली, तिघींना सोडलं." तिथून शिमग्यापर्यंत हंगाम. शिमगा झाला की नळीला तेल लावून बंदूक फडक्यात गुंडाळायची. एकदा मी विचारलं होतं, "पण पोटुशी आहे हे लांबून कळतं का हो?" आबा म्हणाले, "न्हाय कळत. म्हनून तर हरणीवर नेमच धरायचा न्हाय." मारायचा तो काळवीट. पाठ काळी, शिंगं पिळाची, तो नर म्हणजे काळवीट, आणि तांबूस अंगाची मादी म्हणजे हरणी. आमच्या गावात शेंबडं पोरही हा फरक सांगायचं.

मोठा दुष्काळ सरला आणि पाठोपाठ शिकारबंदी आली. मी तेव्हा सोलापुरात एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. रोज एसटीनं ये-जा. गावोगावच्या चावडीवर लावायची नोटीस माझ्याकडे स्टेन्सिल कापायला, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावर टाइप करायला, आली. मूळ इंग्रजी कागदात 'ब्लॅकबक' होतं, त्याच्यावर हेडक्लार्कनी शाईनं 'काळवीट' लिहिलेलं. मला खटकलं. एकटा नरच? मी मुद्दाम कपाटातली डिक्शनरी काढून बघितली. ब्लॅक म्हणजे काळा. बक म्हणजे नर. झालं की! बरोबरच आहे, उगाच विचारून स्वतःचं हसं कशाला करून घ्या? स्टेन्सिल कापली. 'काळविटाची शिकार करण्यास सक्त बंदी आहे.'

नोटीस गावात लागली त्या दिवशी पारावर नुसता कालवा. आमचे चुलते मिलिटरीतून पेन्शनवर आलेले, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. "चोर सोडून संन्याशाला फाशी! जीपगाड्यांचे दिवे पाडून कळपच्या कळप निजवले त्या शहरातल्या शौकिनांनी, आन् बंदी कुनाला? आमाला! सरकारला हरणांचा लई कळवळा, जवारीचा कुनी करायचा?"

आबा मात्र शांत होते. "बंदी असू दे की. माळावर जनावर कमी झालंय, आमाला काय डोळं न्हाईत व्हय? पन हंगाम ठरवा, गावाला दोन नर का तीन ते ठरवा. ज्यानं माळ पायानं तुडवलाय त्याला इचारा तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् हरणीचं काय?"

सगळा पार माझ्याकडे बघायला लागला. पगारवाली, सरकारी माणूस! माझी मान ताठ झाली. "हरणीचं काहीच लिहिलेलं नाही, आबा. मी स्वतः टाइप केलंय. कागदात आहे तेवढाच कायदा."

आबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "म्हंजे ज्याला मारायचा त्याला राखला, आन् जिला राखायची ती मोकळी? कुनाच्या डोस्क्यातनं निघालं गं हे?"

मला खरंच हसू आलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ज्वारी हुरड्यात आली. दुष्काळानंतरचं पहिलं धड पीक, त्याच्यावर आमचं वर्ष होतं. आणि कळप उतरला! आबा मचाणावर बसून डबा बडवायचे, कळप बांधापलीकडे जायचा, आबांनी भाकरीचं फडकं सोडलं की परत आत. सकाळी बघावं तर कणसं खुडलेली, ताटं मोडलेली. चुलते रोज येऊन टोचायचे, "अरे हरणी पाड की एक. कळप चार दिवस फिरकायचा न्हाय. कायद्यात बसतंय, तुझीच पोरगी सांगती."

आबा ऐकायचे नाहीत. पण मला विचारायचे. एकदा विचारलं, मी सांगितलं. आठ दिवसांनी परत विचारलं, परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी एसटीत उभी राहून दमून आले होते. "नक्की का गं? हरणीला मोकळीक हाय?" मी खेकसले, "किती वेळा सांगू, आबा? होय! होय! होय!"

दुसऱ्या दिवशी रविवार. दिवस उगवला आणि शेताकडून बार ऐकू आला. आई म्हणाली, "जा गं, बघ." मी गेले ती चालतच गेले, मला काही वाटलंच नव्हतं.

आबा सरीत मांडी घालून बसले होते. बंदूक चार हात लांब पडलेली. पुढ्यात हरणी. तिचं पोट त्यांनी सुरीनं फाडलं होतं, मला वाटलं सोलायला घेतली. मग त्यांच्या मांडीवर बघितलं. देवा रे! धोतराच्या सोग्यात एक पूर्ण भरलेलं पिल्लू होतं, ओलंचिंब, खूर अजून मऊ. पोट हलताना दिसलं म्हणून जगवायला बाहेर काढलं होतं. आबा त्याच्या नाकपुडीत फुंकर घालत होते. फुंकर घालायचे, थांबून बघायचे, परत घालायचे. ते कधीच गेलं होतं. मी त्यांच्यासमोर सरीतच बसले.

"पोटुशी हुती गं," आबा म्हणाले. चुलते धावत आले. दोघांनी मिळून बांधाला खड्डा काढला आणि मायलेकरू दोन्ही पुरलं.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी हेडक्लार्कना विचारलं, "साहेब, काळवीट म्हणजे फक्त नर ना?" ते हसायलाच लागले. "अहो बाई, ब्लॅकबक हे त्या जातीचं नाव! नर, मादी, पिल्लं, सगळं आलं. एवढं कळत नाही?" कागद चुकला होता, मीही चुकले होते, आणि आबा गुन्हेगार झाले होते.

संध्याकाळी घरी सांगितलं. वाटलं, भडकतील, भांडी फेकतील. ते उठले आणि बंदूक फडक्यात गुंडाळायला लागले. शिमगा लांब होता. सकाळी आम्ही दोघं एसटीनं पोलीस ठाण्यावर गेलो.

ठाण्यातला अंमलदार भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चुकचुकला, म्हणाला, "नोटीस वाचून गैरसमज झाला, असं लिहितो. कमीत सुटाल."

"लिहा," मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"न्हाय," आबा म्हणाले. "नोटीस आत्ता आली, साहेब. नळीवर हात ठिवून मी तीस वर्सं बोलतोय, ते कुनी टाइप केलेलं न्हवतं. मला म्हाईत हुतं, असं लिवा."

पुढे दंड झाला, परवाना रद्द झाला, बंदूक गेली ती कायमचीच. नवी नोटीसही मीच टाइप केली. 'काळवीट, मग तो नर असो, मादी असो वा पिल्लू.' टाइप करताना दोन स्टेन्सिली वाया गेल्या.

पण त्या दिवशी ठाण्यातून परत येताना एसटीत मी सगळी वाट खिडकीकडे तोंड करून रडत होते. फाट्यावर उतरलो. गाडी गेली, धुरळा खाली बसला. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस. तू व्हय म्हनलीस म्हनून न्हाय मारली," ते म्हणाले. "मला व्हय ऐकायचं हुतं. म्हनून तर तीनदा इचारलं."